लोकप्रतिनिधींच्या कुटुंबांवरील राजकीय हिंसा
निर्वाचित प्रतिनिधीवर दडपण आणण्यासाठी अथवा सूड उगवण्यासाठी त्याच्या घरावर वा आप्तांवर केलेला हल्ला. महाराष्ट्रातील ठळक प्रसंग मराठा आरक्षणाच्या आंदोलनातील (पाहा : आरक्षण) होय : आंदोलनाचे नेते मनोज जरांगे यांच्या उपोषणाविषयी आमदार प्रकाश सोळंके यांच्या उद्गारांची ध्वनिफीत प्रसृत होताच, ३० ऑक्टोबर २०२३ रोजी माजलगाव (जि. बीड) येथे जमावाने त्यांच्या बंगल्यावर दगडफेक करून आग लावली, सोळंके आत होते; ते व त्यांचे कुटुंबीय सुदैवाने बचावले. त्याच दिवशी बीड शहरात आमदार संदीप क्षीरसागर यांचे निवासस्थान जळाले व संचारबंदीचा हुकूम जारी झाला. अमेरिकेत २८ ऑक्टोबर २०२२ रोजी प्रतिनिधीगृहाच्या तत्कालीन सभापती नॅन्सी पेलोसी यांचे पती त्यांच्याऐवजी हल्लेखोराच्या हातोड्याखाली सापडले. मतदारांकडे कौल न मागितलेल्या माणसांस झळ पोहोचते, हे या हिंसेचे खरे गांभीर्य. राहते घर जाळणे हा तत्कालीन भारतीय दंडसंहितेच्या ४३६व्या कलमान्वये आजन्म कारावासास पात्र अपराध होता (पाहा : जाळपोळ).