गौरीचं जेवण: २० जणांसाठी पुरणावरणाचा बेत कसा आखायचा?

गौरी घरात आल्या की दुसऱ्या दिवशी जेवायला माणसं येतात. पुरणपोळी, कटाची आमटी, सोळा भाज्या, खीर, भजी, कोशिंबीर, वरण-भात... यादी पाठ असते. तरीही नैवेद्याची वेळ टळते, पोळ्या संपत नाहीत आणि ज्यांनी पहाटेपासून राबून हे सगळं केलं, त्या दुपारी साडेतीनला गार जेवतात.

हे दरवर्षी का होतं? आणि नीट आखणी केली तर टाळता येतं का?

आधी थोडं सणाबद्दल

भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर गौरींचं आवाहन, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन होतं. म्हणून त्यांना ज्येष्ठा गौरी म्हणतात. विदर्भ-मराठवाड्यात याच सणाला महालक्ष्म्या म्हणतात. तिथल्या ताटात ज्वारीची आंबील हमखास असते.

बहुतेक घरांत गौरींना पहिल्या दिवशी भाजी-भाकरीचा साधा नैवेद्य आणि दुसऱ्या दिवशी पुरणाचा मोठा स्वयंपाक असतो. कोकणातल्या काही घरांत गौरीला तिखटाचा, म्हणजे मांसाहारी नैवेद्यही दाखवतात. या लेखात आपण पुरणावरणाच्या शाकाहारी बेताबद्दल बोलू.

हा स्वयंपाक इतका दमवणारा का असतो?

मटणाच्या जेवणात एक मोठं पातेलं मुख्य असतं. ते एकदा शिजायला ठेवलं की बाकीचं भोवतीनं होतं. सणाच्या शाकाहारी ताटात असा एकच मुख्य पदार्थ नसतो. १२ ते १५ पदार्थ असतात आणि प्रत्येकाला थोडा वेळ शेगडी लागते.

शिवाय पुरणपोळी एकेक करूनच होते. लाटणं आणि भाजणं धरून एका पोळीला साधारण ३ मिनिटं लागतात. २० माणसांना प्रत्येकी २ म्हणजे ४० पोळ्या, म्हणजे एका बाईला एका तव्यावर पूर्ण २ तास. तोवर ती शेगडी अडकलेली असते आणि ती बाईसुद्धा. दोन तवे आणि दोन माणसं, एक लाटायला आणि एक भाजायला, असं केलं तर हेच काम तासा-सव्वा तासात होतं.

म्हणून बेत ठरवताना पदार्थांच्या यादीसोबत दोन गोष्टी कागदावर लिहा: घरात शेगड्या किती आणि हात किती.

२० माणसांना किती लागेल?

मोठी माणसं आणि मुलं मिळून २० पानं धरली, तर हा अंदाज पुरतो:

- हरभरा डाळ १ किलो आणि गूळ १ किलो: मध्यम आकाराच्या साधारण ४० पोळ्या
- पोळ्यांसाठी कणीक: १ किलो, लाटायला पिठी वेगळी
- तांदूळ: सव्वा किलो
- वरणासाठी तूरडाळ: अर्धा किलो
- सोळा भाज्या सगळ्या मिळून: अडीच किलो
- बटाट्याच्या भाजीसाठी बटाटे: दीड किलो
- कोशिंबिरीला काकडी १ किलो, दही अर्धा किलो
- खिरीसाठी दूध: २ लिटर
- भज्यांसाठी बेसन: अर्धा किलो
- ओले नारळ २, साजूक तूप अर्धा किलो

गोड कमी आवडत असेल तर गूळ पाऊण किलो घ्या. पोळी मोठी आणि भरगच्च लाटायची सवय असेल तर संख्या कमी होईल, मग डाळ पाव किलोनं वाढवा.

सोळा भाज्या म्हणजे सोळा कढया नव्हेत. अनेक घरांत भोपळा, दोडका, गवार, भेंडी, पडवळ, सुरण, मका अशा सोळा भाज्या थोड्या थोड्या घेऊन एकच मिसळीची भाजी करतात. वेगवेगळ्या करायची प्रथा नसेल तर हाच मार्ग धरा.

आदल्या दिवशी काय उरकता येतं?

इथे पहिला प्रश्न घरातल्या रीतीचा असतो. नैवेद्याला शिळं चालत नाही, असं अनेकांकडे मानतात. त्यामुळे कामाचे दोन भाग करा.

जे शिजवावं लागत नाही ते सगळं आदल्या संध्याकाळी: भाज्या निवडून, चिरून फ्रिजमध्ये. नारळ खवून, दाण्याचं कूट करून, गूळ चिरून, वेलची-जायफळाची पूड करून डब्यात. काकडी मात्र चिरू नका, पाणी सुटतं. ताटं, वाट्या, वाढायची भांडी काढून ठेवा. पापड-कुरडयांचा डबा हाताशी ठेवा.

शिजवलेलं आदल्या दिवशीचं चालत असेल तर पुरण रात्रीच करून ठेवा. डाळ दोन-तीन तास भिजवून शिजवायची, कट गाळून घ्यायचा आणि डाळ गुळासह आटवायची. पुरणात उलथणं उभं राहिलं की ते झालं. गरम असतानाच पुरणयंत्रातून काढा, गार झालं की हाताला जड जातं. पुरण आणि कट दोन्ही झाकून फ्रिजमध्ये ठेवा.

चालत नसेल तर मधला मार्ग आहे. नैवेद्याच्या पाच पोळ्यांपुरतं पुरण सकाळी ताजं करायचं आणि पाहुण्यांचं रात्रीच करायचं. हे ठरवताना घरातल्या मोठ्यांना आधीच विचारा. सकाळी सातला त्यावर चर्चा नको.

सणाच्या दिवशीचं वेळापत्रक

दुपारी पाऊणला नैवेद्य आणि एकला पंगत, घरात दोन शेगड्या, असं धरलं तर:

७ ते ८: कणीक सैलसर भिजवून तेल लावून ठेवा. ती जितकी मुरेल तितकी पोळी फाटत नाही. पुरण सकाळी करायचं असेल तर डाळ पहाटे पाचला भिजवा आणि सातला शिजायला लावा.

८ ते ९: एका शेगडीवर कटाची आमटी. गोडा मसाला, चिंच, गूळ घालून उकळली की बाजूला ठेवा, मुरल्यावर ती जास्त चांगली लागते. दुसरीवर बटाटे उकडा, मग खीर.

९ ते १०: सोळा भाज्यांची भाजी आणि बटाट्याची भाजी.

१० ते सव्वाअकरा: दोन्ही शेगड्यांवर तवे. या वेळात दुसरं काहीही चढवायचं नाही.

सव्वाअकरा ते सव्वाबारा: वरणाचा कुकर, मग भात. दरम्यान एक जण कोशिंबीर, चटणी, पंचामृत करेल. कोशिंबिरीत मीठ आणि दही अगदी शेवटी.

सव्वाबारा ते पाऊण: तळण. भजी, पापड, कुरडई.

नोकरीमुळे रात्रीचं जेवण ठेवलं असेल तर हाच क्रम संध्याकाळकडे सरकवा. फक्त सकाळी सगळं करून ते रात्रीपर्यंत ओट्यावर ठेवू नका. का, ते पुढे पाहू.

पाहुण्यांपैकी कोण काय खात नाही?

नैवेद्याचा स्वयंपाक बिनकांदा-लसणाचा असतो, त्यामुळे चातुर्मास पाळणाऱ्यांचा प्रश्न बराचसा सुटतो. काही जण चातुर्मासात वांगंही खात नाहीत, म्हणून सोळा भाज्यांत ते घालण्याआधी विचारा.

जैन पाहुणे: बटाटा, सुरण, गाजर, ओलं आलं अशी जमिनीखालची कंदमुळं चालत नाहीत. चातुर्मासात अनेक जण पालेभाज्याही सोडतात. दोडका किंवा भोपळ्याची थोडी भाजी वेगळी काढा. काही जण सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, रात्रीचा बेत असेल तर हे आधीच विचारा.

मधुमेह असलेले: वरच्या प्रमाणात एका पोळीत साधारण २५ ग्रॅम गूळ जातो, दोन पोळ्यांत ५० ग्रॅम. साखरेऐवजी गूळ आहे म्हणून रक्तातली साखर वाढायची थांबत नाही. त्यांच्यासाठी तळव्याएवढ्या छोट्या पोळ्या करा आणि ‘अजून एक घ्याच’ हा आग्रह टाळा.

दूध-तूप न खाणारे: खीर त्यांना चालणार नाही. काही पोळ्या तेलावर भाजून वेगळ्या ठेवा, थोडी कोशिंबीर दही घालण्याआधी काढा.

गव्हाची अॅलर्जी असलेले: पोळी नाहीच, पण हिंगाकडेही बघा. बाजारातल्या हिंगाच्या पुडीत बहुधा मैदा किंवा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. डबीवरची यादी वाचा.

बाहेरून मिठाई किंवा तयार पाकीट आणणार असाल तर हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका पाहा. तपकिरी चौकोनातला त्रिकोण म्हणजे पदार्थ मांसाहारी. भारतात अंडं असलेल्या पदार्थावरही हीच तपकिरी खूण लागते.

एरवी मांसाहार करणाऱ्यांचं पोट भरेल का?

भरेल. हरभरा आणि तूर या दोन्ही डाळींत वजनाच्या साधारण पाचवा हिस्सा प्रथिनं असतात. डाळ आणि गहू धरून एका पुरणपोळीतून ७-८ ग्रॅम प्रथिनं मिळतात. त्यात वरण, दही, दाण्याचं कूट आलं. डाळीत जे अमिनो आम्ल कमी असतं ते भातात आणि गव्हात असतं, आणि धान्यात जे कमी ते डाळीत. त्यामुळे वरण-भाताची जोडी पोषणाच्या हिशेबानंही बरोबर बसते.

अन्न किती वेळ बाहेर ठेवायचं?

शिजवलेलं अन्न २ तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. गरम ठेवायचं तर ६० अंश सेल्सिअसच्या वर, गार ठेवायचं तर ५ अंशांच्या खाली.

यात सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते भाताकडे. तांदळात बेसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. ते शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की वाढतात आणि विष तयार करतात. त्यातलं उलट्या करणारं विष भात पुन्हा गरम केल्यानंही जात नाही. उरलेला भात परातीत पसरून लवकर गार करा आणि फ्रिजमध्ये ठेवा.

देवापुढचं नैवेद्याचं पानही संध्याकाळपर्यंत ठेवू नका. नैवेद्य दाखवला की थोड्या वेळानं ते उचला आणि प्रसाद म्हणून वाटा.

पहिल्या पंगतीला कोण बसणार?

वेळापत्रकात पोळ्या सव्वाअकरालाच संपवल्या, त्यामागे हेच कारण आहे. पानात तव्यावरची गरम पोळीच हवी, असा हट्ट असला की कोणीतरी शेवटपर्यंत शेगडीशी उभं राहतं. ते कोण, हे सगळ्यांना माहीत असतं. पुरणपोळी गारही छान लागते, वर तूप घातलं की झालं.

दहा-दहाच्या दोन पंगती करणार असाल तर स्वयंपाक करणाऱ्या आणि जेवायला बोलावलेल्या सवाष्णी पहिल्या पंगतीत बसतील आणि ज्यांनी स्वयंपाक केला नाही ते वाढतील, असं आदल्या रात्रीच ठरवा. वाढणं शिकायला वेळ लागत नाही: वर मधोमध मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाज्या, आमटी, खीर. गौर माहेरपणाला येते, असं आपण म्हणतो. मग त्या दिवशी घरातल्या लेकी-सुनांनाही वेळेवर गरम वरण-भात मिळायला हवा.

उरलं तर?

पुरण फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकतं, त्याच्या करंज्या किंवा कडबू होतात. उरलेली भाजी कणकेत मळून थालीपीठ किंवा पराठे करता येतात. कुणाला द्यायचं असेल तर संध्याकाळची वाट न पाहता पंगत उठल्यावर लगेच द्या.

आणि शेवटचं काम: काय किती आणलं, किती उरलं, काय कमी पडलं, हे त्याच रात्री वहीत किंवा फोनमध्ये लिहून ठेवा. प्रत्येक घराची भूक वेगळी असते. पुढच्या वर्षी वरच्या यादीपेक्षा ही नोंद जास्त उपयोगी पडेल.