कुंच्याकडून फवाऱ्याकडे : हातकणंगले परिसरातील घररंगकामाच्या साधनांचा इतिहास

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या वास्तुइतिहासात वाडे, मंदिरे आणि किल्ले यांच्या बांधणीचा अभ्यास विपुल प्रमाणात झाला आहे. सामान्य माणसाच्या घराची भिंत मात्र या अभ्यासात बहुधा उपेक्षित राहिली. ती भिंत दरवर्षी कोण रंगवीत होते, कोणत्या साधनाने रंगवीत होते आणि त्या श्रमाचा मोबदला कोणाला मिळत होता, हे प्रश्न क्वचितच विचारले गेले. आज घराचे नूतनीकरण करताना रंग कुंच्याने द्यावा, रोलरने द्यावा की फवारणी यंत्राने, असा प्रश्न घरमालकापुढे उभा राहतो. हा प्रश्न वरवर पाहता तांत्रिक व खर्चाचा वाटतो. वस्तुतः त्यामागे श्रमविभागणीचा, आरोग्याचा आणि घरावरील अधिकाराचा सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे.

प्रस्तुत लेखात हा इतिहास कोल्हापूर जिल्ह्यातील हातकणंगले तालुक्याच्या संदर्भात मांडला आहे. संस्थानी काळात हा भूभाग आळते पेट्यात मोडत असे. १८९१ मध्ये मिरज-कोल्हापूर लोहमार्ग सुरू झाला आणि हा परिसर बाहेरच्या बाजारपेठेशी जोडला गेला. पंचगंगा व वारणा यांच्या काठची शेती, इचलकरंजीचे यंत्रमाग आणि शिरोलीची औद्योगिक वसाहत या तिन्हींचे अस्तित्व एकाच तालुक्यात असल्याने रंगकामाच्या साधनांचा प्रवास तपासण्यासाठी हा परिसर विशेष उपयुक्त ठरतो.

पोतारा आणि चुना : घरातील स्त्रीचे श्रम

दक्षिण महाराष्ट्रातील ग्रामीण घरांच्या भिंती प्रामुख्याने मातीच्या किंवा मातीत रचलेल्या दगडांच्या होत्या. शेणामातीने सारवणे, पांढऱ्या मातीचा पोतारा देणे, खालच्या अंगाला गेरूचा किंवा कावेचा पट्टा ओढणे ही त्यांची नित्याची निगा होती. नवरात्र, दिवाळी, गावची यात्रा आणि घरातील लग्नकार्य हे या कामाचे ठरलेले प्रसंग. हे काम घरातील स्त्रिया करीत. त्याला मजुरी नव्हती, म्हणून ते कोणत्याही हिशेबवहीत नोंदले गेले नाही. ‘रंगकाम’ असे नावही त्याला मिळाले नाही. तो घरकामाचाच एक भाग मानला गेला.

पक्क्या भिंतींबरोबर चुन्याचा वापर वाढला. कळीचा चुना पाण्यात विरवायचा, तो रात्रभर मुरू द्यायचा, वस्त्रगाळ करायचा, त्यात डिंक किंवा सरस आणि थोडी नीळ घालायची, ही कृती सर्वपरिचित आहे. चुन्याचे रसायनही साधे आहे. भिंतीवरचा ओला चुना हवेतील कर्बवायू शोषून हळूहळू पुन्हा चुनखडीसारखा कठीण होतो. त्यामुळे तो भिंतीत मुरतो आणि भिंतीतील ओल बाहेर जाण्यास वाट राहते. कुंच्याने चुना चोळून लावण्यामागचे कारण हेच होते. तथापि चुना विरवणे, शिडीवर चढणे व छत रंगविणे ही कामे रोजंदारीवर येणाऱ्या पुरुष मजुराकडे गेली. भिंतीच्या कामाला मोबदला मिळू लागला, तो ते काम स्त्रियांच्या हातून निसटल्यानंतर, ही बाब येथे लक्षात घेणे आवश्यक आहे.

शासनाचा फवारा : प्लेग ते हिवताप

घराच्या भिंतीवर दाबाने द्रव मारणारे यंत्र महाराष्ट्रात प्रथम सजावटीसाठी आले नाही. ते रोगनिवारणासाठी आले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग सुरू झाल्यावर बाधित घरे धुण्यासाठी पाण्याचे बंब आणि हातपंप वापरले गेले व घरांना सक्तीने चुना देण्यात आला. अशा उपायांमुळे लोकांमध्ये निर्माण झालेला क्षोभ सर्वज्ञात आहे. भिंत स्वच्छ करण्याच्या निमित्ताने शासन प्रथमच माजघरापर्यंत पोहोचले होते.

याची पुढील पायरी हिवताप निर्मूलनाची होती. मुंबई प्रांतात डॉ. डी. के. विश्वनाथन यांच्या मार्गदर्शनाखाली १९४६ पासून कारवार व धारवाड जिल्ह्यांत घरांच्या आतील भिंतींवर डीडीटी फवारण्याचा प्रयोग झाला. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्यासाठी वापरला जाणारा पंप बादलीत उभा करण्याचा होता. एकाने दांडा वरखाली करायचा व दुसऱ्याने नळी धरून फवारा मारायचा, अशी त्याची रचना होती. भिंतीच्या दर चौरस मीटरला १ ग्रॅम डीडीटी आणि तोटी भिंतीपासून सुमारे ४५ सेंटिमीटर अंतरावर, अशी मापे ठरलेली होती. या मोहिमेचे यश मोठे होते. १९४७ च्या सुमारास देशात वर्षाला साडेसात कोटी रुग्ण आणि आठ लाख मृत्यू असा अंदाज होता. १९६५ पर्यंत रुग्णसंख्या सुमारे एक लाखावर आली.

परंतु या कार्यक्रमाला देशभर एक अडचण सतत भेडसावत राहिली. फवारणीचे पांढुरके डाग पडलेली भिंत सणाच्या आधी पुन्हा सारवली जाई किंवा तिला चुना दिला जाई, आणि औषध त्याखाली दडपले जाई. शासकीय दृष्टीने हे अज्ञान होते. सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने मात्र तो दोन अधिकारांमधील संघर्ष होता. ज्या स्त्रीने पिढ्यान्‌पिढ्या भिंत राखली, तिला न विचारता ती भिंत फवारली गेली होती. यंत्राची कार्यक्षमता केवळ यंत्रावर अवलंबून नसते, भिंत कोण सांभाळते यावरही ती अवलंबून असते, हा या प्रसंगाचा महत्त्वाचा धडा होय.

कारखान्याची भिंत

१९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला आणि पुढील काळात या गावाचे वस्त्रनगरीत रूपांतर झाले. कारखान्यांच्या वाढीबरोबर भिंत रंगविणे ही कायदेशीर बाब बनली. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या कलम ११ मध्ये तपशीलवार तरतूद होती. साध्या भिंतींना किमान दर १४ महिन्यांनी चुना किंवा रंगीत चुना द्यावा, धुता येणारा जलरंग असल्यास दर ३ वर्षांनी एक हात द्यावा, तैलरंग असल्यास दर ५ वर्षांनी भिंत पुन्हा रंगवावी, असे तीत म्हटले होते. विजेवर चालणाऱ्या व दहा किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांना हा कायदा लागू होता. लहान माग घरे त्याच्या कक्षेबाहेर राहात.

या तरतुदीचे दोन परिणाम संभवतात. कारखान्यांच्या उंच व विस्तीर्ण भिंतींमुळे चुन्याच्या कामाला सणांव्यतिरिक्तही मागणी निर्माण झाली आणि अशा भिंतींवर कुंच्याऐवजी हातपंप अधिक सोयीचा ठरला. शिकागो येथील १८९३ च्या जागतिक प्रदर्शनातही हेच घडले होते. प्रचंड इमारती मुदतीत पांढऱ्या करण्यासाठी तेथे फवारणीचा अवलंब करण्यात आला. भिंत मोठी, मुदत थोडी आणि बारीक कामाची अपेक्षा कमी, या तीन अटी एकत्र आल्या की फवारा कुंच्यावर मात करतो.

गॅरेज, शेत आणि मूर्तिशाळा

आधुनिक स्प्रे गनचा उगम दवाखान्यात आहे. अमेरिकेतील टोलेडो येथील डॉ. ॲलन डीव्हिल्बिस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घशात औषध फवारण्याचे उपकरण तयार केले. त्यांचे पुत्र थॉमस यांनी १९०७ च्या सुमारास त्याच तत्त्वावर रंगाची गन बनविली. १९२३-२४ मध्ये मोटारींसाठी झटपट वाळणारा नायट्रोसेल्युलोज लॅकर आला. हा रंग कुंच्याने नीट पसरत नसे, त्यामुळे गन अपरिहार्य झाली. म्हणजेच यंत्राचा प्रसार यंत्राच्या गुणांइतकाच रंगाच्या स्वरूपामुळे झाला.

भारतात रंगनिर्मितीचा उद्योग १९०२ मध्ये हावडा येथे शालिमार पेंट्सने सुरू केला. १९४२ मध्ये मुंबईत एशियन पेंट्सची स्थापना झाली. डबाबंद डिस्टेंपर, सिमेंट रंग आणि पुढे प्लास्टिक इमल्शन यांमुळे चुना मागे पडत गेला. हातकणंगले परिसरात स्प्रे गनची ओळख होण्याचे मार्ग घराबाहेरचे होते. पुणे-बंगळूर महामार्गालगतची गॅरेजे, शिरोली वसाहतीतील ओतकामाला दिले जाणारे रेड ऑक्साइडचे अस्तर आणि गणेशमूर्तींच्या अंगकांतीसाठी मूर्तिशाळांत आलेला कॉम्प्रेसर, ही त्याची ठळक उदाहरणे होत.

दुसरा मार्ग शेतातून आला. ऊस, भाजीपाला व द्राक्ष यांवरील औषधफवारणीसाठी आलेला पाठीवरचा पंप कुंपणाच्या भिंतीला चुना मारण्यासाठीही वापरला गेला. ही काटकसर धोक्याची होती. कीटकनाशकाचा अंश पंपात राहिल्यास तो घराच्या भिंतीवर येतो आणि न गाळलेल्या चुन्याने तोटी बुजते. त्यामुळे दोन्ही कामांसाठी पंप वेगवेगळे असणे आवश्यक ठरते.

यंत्राची निवड आणि वापर

घरकामासाठी आज उपलब्ध असलेली यंत्रे स्थूलमानाने तीन प्रकारची आहेत. पहिली कॉम्प्रेसरवरील पारंपरिक गन. ती गुळगुळीत पृष्ठभाग देते, मात्र तिच्यातून निम्म्याहून अधिक रंग धुक्याच्या रूपाने वाया जाऊ शकतो. दुसरी कमी दाबाची व अधिक हवेची गन. १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियातील वायुप्रदूषणविषयक नियमांमुळे तिला चालना मिळाली. तिच्या मुखाशी हवेचा दाब १० पीएसआयच्या आत असतो व किमान ६५ टक्के रंग पृष्ठभागावर बसावा अशी अपेक्षा असते. दारे, खिडक्यांचे गज, जाळ्या आणि लाकडी कपाटे यांसाठी ती योग्य होय. तिसरे हवाविरहित यंत्र. १९५० च्या दशकात विकसित झालेल्या या यंत्रात हवेचा वापर नसतो. पंप रंगालाच सुमारे १०० ते २०० बार दाबाने सूक्ष्म छिद्रातून ढकलतो. मोकळ्या घराच्या विस्तीर्ण भिंती व छते यांसाठी ते वेगवान आहे. परंतु त्याच्या छिद्राशी बोट गेल्यास रंग त्वचेखाली शिरतो. जखम टाचणीएवढी दिसली तरी ती तातडीच्या शस्त्रक्रियेची बाब असते.

वापराचे नियम हिवतापाच्या पंपापासून फारसे बदललेले नाहीत. अंतर ठरावीक ठेवणे, हात भिंतीला समांतर चालविणे आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढविणे हे ते नियम होत. रंगाच्या गनसाठी हे अंतर साधारण २५ ते ३० सेंटिमीटर असते. खडबडीत गिलाव्यावर फवारलेला रंग ओला असतानाच त्यावरून रोलर फिरविणे इष्ट असते, कारण फवारा पृष्ठभागावर बसतो, तो चोळला जात नाही. शिवाय फवारणीचा वेग हा कामाचा एकूण वेग नव्हे. खरवडणे, लांबी भरणे, घासकाम, फरशी व सामान झाकणे यांतच बहुतेक वेळ जातो. माणसे राहात असलेल्या लहान खोलीत एका भिंतीसाठी कुंचा व रोलर हेच शहाणपणाचे साधन होय. यंत्रमागाच्या शेजारी असलेल्या घरात उडणारी कापसाची कस ओल्या रंगाला चिकटते. तेथे फवारणीपूर्वी माग बंद ठेवून धूळ बसू देणे आवश्यक असते.

या चर्चेत कारागिराचे आरोग्य दुय्यम मानले जाऊ नये. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९२१ मध्ये शिसेयुक्त पांढऱ्या रंगाविषयी केलेल्या करारात फवारणीने रंग देण्यातील धोका टाळण्याच्या उपायांचा स्वतंत्र उल्लेख होता. भारतात घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत ९० भाग अशी ठरविणारे नियम २०१६ मध्ये झाले व १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. या दोन घटनांमध्ये जवळपास शतकाचे अंतर आहे. त्यापूर्वी रंगविलेल्या दारे-खिडक्यांवर शिसेयुक्त थर असू शकतो. तो कोरडा घासणे हे फवारणीइतकेच घातक आहे. रंगाच्या तुषारांपासून तोंडाला बांधलेला रुमाल संरक्षण देत नाही. त्यासाठी योग्य गाळणीचा मुखवटा व चष्मा लागतो. यंत्र विकत घेताना या वस्तूंचा खर्च यंत्राच्या किमतीतच धरला पाहिजे.

महापूर आणि ओली भिंत

२००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी साधननिवडीच्या प्रश्नाला या परिसरात वेगळे गांभीर्य दिले. पंचगंगाकाठच्या रुई, इंगळी, चंदूर तसेच वारणाकाठच्या निलेवाडी, खोची यांसारख्या गावांत घरे पाण्याखाली गेली. पूर ओसरल्यावर घर लवकर पूर्ववत दिसावे ही इच्छा स्वाभाविक असते आणि अशा वेळी वेगवान यंत्र आकर्षक वाटते. परंतु ओल्या भिंतीवर प्लास्टिक रंगाचा अखंड थर बसविल्यास ओल आत कोंडते आणि रंग पापुद्र्याने सुटतो. येथे चुन्याचा जुना अनुभव उपयोगी पडतो. भिंत पूर्ण वाळेपर्यंत थांबणे आणि तोपर्यंत चुन्याचा हात देणे, हा कमी खर्चाचा मार्ग आहे. हा निर्णय कोणतेही यंत्र घेऊ शकत नाही. तो भिंतीला हात लावून पाहणाऱ्या माणसालाच घ्यावा लागतो.

निष्कर्ष

१. रंगफवारणीचे यंत्र घरापर्यंत थेट आले नाही. रोगनिवारण, कारखाना, गॅरेज, मूर्तिशाळा व शेत या मार्गांनी ते आले आणि प्रत्येक ठिकाणच्या गरजेचा ठसा त्याच्यावर राहिला.

२. साधनाची निवड वेगापेक्षा भिंतीचा प्रकार, रंगाचे स्वरूप व घरातील वस्ती यांवरून करणे योग्य ठरते.

३. पोताऱ्यापासून यंत्रापर्यंतच्या प्रवासात भिंतीचे काम विनामोबदला स्त्रीश्रमाकडून पुरुष कारागिराच्या मजुरीकडे गेले. आता यंत्रामुळे मजुरांची गरज घटण्याची शक्यता आहे. त्यामुळे यंत्र चालविण्याचे शिक्षण देताना स्त्रियांचा समावेश होणे हे ऐतिहासिक न्यायाला धरून होईल.

४. कुंचा कालबाह्य झालेला नाही. भिंतीची ओल, भेग आणि भुसभुशीतपणा कुंचा धरणाऱ्या हाताला जितका कळतो, तितका दूर उभ्या असलेल्या फवाऱ्याला कळत नाही. हे ज्ञान जपणारा कारागीर टिकला, तरच नवे यंत्र या परिसरातील घरांना उपकारक ठरेल.