माइनक्राफ्टमध्ये विज्ञानाचा पार्कूर नकाशा कसा रचावा?

घरात आठ ते चौदा वर्षांचे मूल असेल, तर माइनक्राफ्ट हा शब्द पालकांच्या कानावर दिवसातून दहादा तरी पडतो. "पुरे झाला तो खेळ" असे आपण म्हणतो, मूल "पाचच मिनिटे" म्हणते आणि रोजचा वाद सुरू होतो. त्याच खेळात मुलांसोबत बसून काही रचता येते, याची ही माहिती. खेळ स्वतः कधी न खेळलेल्या पालकांनाही समजावी अशी ती लिहिली आहे.

थोडी ओळख

माइनक्राफ्ट हा ठोकळे रचण्याचा खेळ. स्वीडनच्या मार्कुस पेर्सन यांनी तो 2009 मध्ये लोकांसमोर आणला. पूर्ण आवृत्ती 2011 मध्ये आली आणि 2014 मध्ये मायक्रोसॉफ्टने तो विकत घेतला. यातील प्रत्येक ठोकळा एक मीटर लांब, रुंद व उंच मानला जातो. पार्कूर म्हणजे धावत, उड्या मारत अडथळे पार करण्याचा फ्रान्समधील व्यायामप्रकार. खेळातील पार्कूर नकाशा म्हणजे हवेत मांडलेल्या ठोकळ्यांवरून उड्या मारत शेवट गाठणे. आपण अंगणात खडूने चौकोन आखून ठिकरी खेळायचो, तिचेच हे उंचावरचे भावंड समजा.

नेहमी होणारी चूक

विज्ञानाचा नकाशा करायला बसले की मुले दहा उड्या रचतात, मग एक पाटी लावून तिच्यावर प्रश्न लिहितात. खेळणारा पाटी न वाचताच पुढे जातो. पाट्या काढून टाकल्या तरी नकाशात काही फरक पडत नाही. म्हणून पहिला नियम असा: विज्ञान पाटीवर नको, उडीत हवे. उडी किती लांब, ठोकळा कोणता, पाय घसरतो का, हे सारे विज्ञानाने ठरले पाहिजे.

उडीची मापे

रचनेआधी ही मापे कागदावर लिहून घ्यावीत. दोन्ही ठोकळे एका पातळीवर आहेत असे धरले आहे.

1. चालत मारलेली उडी: मध्ये 2 ठोकळ्यांची मोकळी जागा पार होते.
2. धावत मारलेली उडी: जास्तीत जास्त 4 ठोकळ्यांची जागा.
3. पुढचा ठोकळा एक पायरी वर असेल तर धावतही 3 ठोकळेच.
4. उडीची उंची साधारण सव्वा ठोकळा. दोन ठोकळे उंच भिंत ओलांडता येत नाही.
5. तीन ठोकळ्यांपर्यंत पडल्यास इजा नाही. 23 ठोकळ्यांवरून खाली कठीण जमिनीवर पडल्यास खेळाडू मरतो. पाण्यात पडल्यास इजा होत नाही.

नमुना: सूर्यमाला

सुरुवातीला सूर्यमालाच घ्यावी. एक ठोकळा म्हणजे एक कोटी किलोमीटर असे प्रमाण धरा. सूर्य 0 वर ठेवला की सरासरी अंतरांनुसार जागा अशा येतात: बुध 6, शुक्र 11, पृथ्वी 15, मंगळ 23, गुरू 78, शनी 143, युरेनस 287, नेपच्यून 450.

आता गंमत पाहा. शुक्रावरून पृथ्वीवर जाताना मध्ये 3 ठोकळे मोकळे राहतात, म्हणजे साधी धावती उडी. बुधावरून शुक्रावर जाताना 4, म्हणजे खेळातील सर्वांत लांब सपाट उडी. सूर्यापासून बुधापर्यंत 5 ठोकळे मोकळे आहेत आणि ती उडी जमतच नाही. तिथे 3 वर काचेचा एक ठोकळा ठेवावा. पृथ्वी ते मंगळ यांच्यामध्ये 19 वर तसाच एक. नियम एकच: ग्रह रंगीत, मदतीचे ठोकळे काचेचे. म्हणजे आकाशात खरे काय आणि आपली सोय कोणती, हे मुलाला न सांगता कळते. लहान मुलांसाठी बुध आणि शुक्र यांच्यामध्येही, थोडी बाजूला, एक काच ठेवावी.

मंगळानंतर 27 वर एक काच ठेवा. पुढे 31 पासून 47 पर्यंत दर चार ठोकळ्यांवर एक दगड मांडा. लघुग्रहांचा पट्टा साधारण याच अंतरावर येतो. खऱ्या पट्ट्यात दगड एकमेकांपासून फारच दूर असतात, तेव्हा तशी एक पाटी लावावी. त्यापुढे उड्या रचत बसू नका, काचेचा अरुंद पूल करा. गुरूपासून शनीपर्यंत चालता चालता मूल विचारतेच, "अजून किती लांब?" तो प्रश्न पडला की धडा पोचला.

या प्रमाणात सूर्य नारळाएवढा आणि पृथ्वी मोहरीच्या दाण्याएवढी होईल. ठोकळे त्याहून कितीतरी मोठे आहेत, म्हणून आरंभीच पाटी हवी: अंतर प्रमाणात आहे, आकार नाही. सूर्यापासून नेपच्यूनपर्यंत नुसते चालत गेले तरी दोन मिनिटे पुरतात. खऱ्या प्रकाशाला तेवढ्या प्रवासाला चार तासांहून थोडे अधिक लागतात.

पुढचे टप्पे

घर्षण: बर्फाच्या ठोकळ्यावर उतरले की पाय घसरतो, तर सोल सँडवर चाल मंदावते. एकच उडी आधी दगडावर, मग बर्फावर उतरायला लावावी. थांबायलाही घर्षण लागते, हे दोनदा पडल्यावर पक्के होते.

वीज व तर्क: रेडस्टोनचा संकेत 15 ठोकळे जातो, पुढे न्यायचा तर रिपीटर लागतो. दोन खटके चालू केल्यावरच पुढचा ठोकळा सरकून येईल अशी जोडणी करावी. संगणकातील 'आणि' हे द्वार नेमके हेच काम करते.

चंद्र: जावा आवृत्तीत 2024 पासून खेळाडूवरील गुरुत्वाकर्षण आज्ञा देऊन बदलता येते. ते नेहमीच्या एक षष्ठांश करावे, कारण चंद्रावर ते पृथ्वीच्या सुमारे तेवढेच असते. येथे वरील मापे चालत नाहीत, उड्या नव्याने मोजाव्या लागतात.

खेळ जिथे चुकतो

हा भाग पालकांनी आवर्जून वाचावा. झाडाचा बुंधा तोडला तरी वरचा भाग हवेत राहतो, वाळू आणि खडी मात्र खाली पडतात. खाली पडताना खेळाडूचा वेग पृथ्वीवरील वस्तूच्या तिपटीहून अधिक झपाट्याने वाढतो. रेडस्टोनचा संकेत क्षीण होतो तो खेळाच्या नियमाने, तारेच्या रोधामुळे नव्हे. हे सांगितले नाही तर मूल खेळाचा नियम निसर्गाचा समजून बसते. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी "खऱ्या जगात असे होत नाही" अशी एक पाटी मुलाकडूनच लिहून घ्यावी.

काही व्यवहाराच्या गोष्टी

रचना क्रिएटिव्ह प्रकारात करावी. खेळायला देताना अ‍ॅडव्हेंचर प्रकार लावावा, म्हणजे कुणी ठोकळे फोडणार नाही. उड्यांखाली पाणी आणि वर यायला शिडी ठेवली की पडलेले मूल रडकुंडीला येत नाही. जावा आणि बेडरॉक या आवृत्त्यांचे खेळाडू थेट एकत्र खेळू शकत नाहीत, म्हणून दोन घरांनी मिळून करायचे असेल तर आवृत्ती आधी ठरवावी. नकाशा तपासायला न रचलेल्या मुलाला बसवा आणि आपण गप्प राहा. ते एकाच जागी पाच-सहा वेळा पडले, तर दोष उडीचा समजावा.

पाट्या मराठीत लिहाव्यात, ही आग्रहाची विनंती. पाटीवर चारच ओळी मावतात, त्यामुळे वाक्य आपोआप लहान होते. जोडाक्षरे नीट उमटतात का ते एका पाटीवर आधी पाहून घ्यावे. बुध, मंगळ, गुरू, शुक्र, शनी ही नावे मुलांनी वारांच्या नावांत ऐकलेली असतात, फक्त तो संबंध कुणी दाखवलेला नसतो. बुधवारचा बुध सूर्याच्या सर्वांत जवळ आणि शनिवारचा शनी 143 ठोकळे लांब, हे पायांनी मोजलेले मूल विसरत नाही.