देवीच्या गळ्यातील पुतळ्या

गोमंतकातील एका देवस्थानच्या महाजनांमध्ये दागिन्यांच्या यादीवरून वाद उत्पन्न झाला होता. त्या वेळी कागदपत्रे तपासण्याच्या निमित्ताने प्रस्तुत लेखकास देवीच्या भांडारातील एक माळ हाती घेऊन पाहण्याचा योग आला. यादीत तिची नोंद एका ओळीत आटोपली होती : ‘सोन्याची पुतळ्यांची माळ, नग एक.’ पुढे वजन. पुतळ्या किती, हे कोठेच लिहिलेले नव्हते. तंटा वजनाचाच होता, कारण नव्या यादीत ते जुन्या यादीपेक्षा तीन तोळ्यांनी अधिक भरले होते. ‘देवीचे सोने आपोआप वाढते काय?’ असे एका वृद्ध महाजनांनी विचारले. त्यात थट्टा किती आणि संशय किती, हे सांगणे कठीण. उत्तर मात्र साधे निघाले. जुनी मोजणी ११.६६ ग्रॅमच्या तोळ्याने झालेली, तर नवी आज सराफकट्ट्यावर चालणाऱ्या दहा ग्रॅमच्या तोळ्याने. तंटा तेथेच मिटला आणि मंडळी उठली. माळेतील पुतळ्या कोठल्या, हे विचारण्याचे कारण कोणास उरले नाही.

आज सराफाकडे मिळणारी पुतळी म्हणजे लक्ष्मीचा किंवा रामसीतेचा ठसा उमटवलेली सोन्याची पातळ चकती. हातातल्या माळेतील पुतळ्या मात्र खरी नाणी होती, आणि तीही व्हेनिसची. भिंगाखाली धरताच एका बाजूस दोन आकृती दिसल्या. डावीकडे उभा संत मार्क, उजवीकडे त्याच्यासमोर गुडघे टेकलेला व्हेनिसचा डोज, म्हणजे त्या प्रजासत्ताकाचा निर्वाचित अधिपती, आणि दोघांच्या मधे ध्वजाचा उभा दंड. दुसऱ्या बाजूस ताऱ्यांनी भरलेल्या लंबवर्तुळात आशीर्वादाचा हात उचललेला ख्रिस्त. याच आकृतींमुळे आपल्या लोकांनी नाण्याला पुतळी म्हटले. तामिळ मुलखात त्याला ‘शाणार काशू’ हे नाव पडले, कारण दंडाशी असलेला डोज तेथील लोकांना ताडावर चढणारा शाणार भासला. आमच्या गावोगाव रेंदेर असूनही तसे कोणाच्या मनात आले नाही, ही गंमतच.

हे नाणे व्हेनिसने १२८४ साली प्रथम पाडले आणि १७९७ साली नेपोलियनपुढे ते प्रजासत्ताक लयास जाईपर्यंत पाडीत राहिले. पाच शतके वजन सुमारे साडेतीन ग्रॅम, सोने जवळजवळ शंभर नंबरी, आणि चित्रही बहुतांशी तेच. युरोपला आपली मिरी, मसाले व कापड हवे होते. मोबदल्यात देण्याजोगा माल त्याच्यापाशी थोडाच होता. तेव्हा सोन्याचांदीची नाणी मिसर व तांबड्या समुद्राच्या वाटेने इकडे येत राहिली. भडोच येथे १८८२ साली सापडलेल्या साठ्यात मिसरच्या मामलुक सुलतानांच्या मोहरांच्या शेजारी व्हेनिसची नाणीही होती. त्या नाण्याचे इटालियन नाव ‘झेक्किनो’. ते टांकसाळ या अर्थाच्या ‘झेक्का’वरून आले, आणि तो शब्द अरबी ‘सिक्का’पासून झाला. आपला शिक्का त्याच घरचा.

१५६० नंतरच्या दशकात साष्टीतील कित्येक देवता जुवारी ओलांडून अंत्रुज महालात आणाव्या लागल्या, हे वाचकांस सांगावयास नको. त्याच देवतांपैकी एकीच्या गळ्यात ख्रिस्ताची मुद्रा रुळावी, यात कोणास विसंगती वाटेल. मला ती वाटत नाही. ज्या व्यापाऱ्याने ती वाहिली त्याने चित्र पाहिले नाही, कस पाहिला. आपल्या जवळचे सर्वांत निर्भेळ सोने देवीला द्यावे, एवढाच त्याचा भाव असणार.

आता किमतीचा प्रश्न. सराफ वजन करतो आणि त्या दिवसाच्या भावाने गुणतो. संग्राहक डोजचे नाव वाचतो, कारण कालनिर्णय त्यावरच होतो. आमच्या माळेत पाओलो रेनिएर (१७७९–८९) आणि शेवटचा डोज लुदोविको मानिन (१७८९–९७) ही नावे स्पष्ट लागली. संग्राहकाच्या दृष्टीने मात्र डाख देऊन कडी लावलेले, झिजलेले नाणे कमी प्रतीचे. बाजाराचा तो न्याय असेल. देवस्थानाने तो मानण्याचे कारण नाही. डोजचा चेहरा आणि गुडघा हे उंच भाग आधी झिजतात. ती झीज हातोहात फिरण्याची, आणि पुढे देवीच्या वस्त्रावर घासण्याची आहे.

माळेतील सर्वच पुतळ्या अस्सल नव्हत्या. साठापैकी अकरांवर लॅटिन अक्षरांच्या जागी नुसत्या रेघा होत्या. आपल्याकडच्या सोनारांनी व्हेनिसच्या नाण्याच्या प्रतिकृती पुष्कळ केल्या. सोने बहुधा चांगलेच असे, अक्षर मात्र त्यांना वाचता येत नसे. अशी प्रतिकृतीही जुनी असेल तर जपण्याजोगीच. परंतु माझ्यातल्या वकिलास निराळीच चिंता पडली. या अकरा मुळापासूनच्या, की मागाहून बदललेल्या? नग तेवढेच, वजन तेवढेच. एका ओळीची यादी या प्रश्नाचे उत्तर कधीही देऊ शकणार नाही.

१९७२ च्या पुरावस्तुविषयक कायद्याने शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावस्तू ठरते. ते परदेशी नेण्यास खाजगी व्यक्तीला मनाई आहे, आणि त्याचा विक्रीव्यवसाय करावयाचा तर परवाना लागतो. वितळवण्याच्या बाबतीत मात्र आपला हात कोणी सहसा धरीत नाही. २०१५ च्या सुवर्ण मुद्रीकरण योजनेत ठेवीचे सोने कस लावण्यासाठी वितळवले जाई, आणि नव्या प्रभावळीचा संकल्प झाला की भांडारातले ‘जुने सोने’ प्रथम आठवते. म्हणून त्या महाजनांना मी एवढेच सुचवले की प्रत्येक पुतळी वेगळी, ग्रॅममध्ये तोलावी, दोन्ही बाजूंचे छायाचित्र काढावे, डोजचे नाव लागेल तेथे लिहावे, आणि चिंच लावून घासू नये. त्यांनी ते केले. दोन संध्याकाळी पुरल्या.

जुन्या यादीत आणखी एका पुतळ्यांच्या माळेची नोंद आहे. ती कळसाच्या सोन्यात गेली. सोनाराची पावती दप्तरात जपून ठेवली आहे. तिच्यावर वजन, दर आणि मजुरी आहे.