आजारी माणूस काम काय करतो?

मलेशियातील इपोह शहराच्या परिसरात डुक्करपालनाचा धंदा जोरात होता. सप्टेंबर १९९८ मध्ये तिथले काही पशुपालक तापाने फणफणले, त्यांचे डोके दुखू लागले आणि काही जण बेशुद्ध होऊन दगावले. डुकरे, डास आणि मेंदूचा ताप असा मेळ जमल्यावर निदान झाले : जपानी मेंदूज्वर. काही रक्तनमुन्यांत त्याच्या खुणाही मिळाल्या. मग धूरफवारणी झाली, लसी टोचल्या गेल्या. तरीही माणसे मरतच राहिली.

मी पशुवैद्यक आहे. या साथीचा इतिहास वाचताना मला नेहमी वाटते, की खरे उत्तर रुग्णांच्या यादीतच होते. जपानी मेंदूज्वर प्रामुख्याने मुलांना होतो. इथे आजारी पडत होते ते बहुतांशी कामकरी पुरुष. डास साऱ्या गावाला चावतात. इथे मुख्यतः डुकरांची देखभाल करणारेच अंथरुणाला खिळत होते. त्यांपैकी काहींनी लस घेतलेली होती. शिवाय डुकरेही जोरजोरात खोकत होती.

दरम्यान, घाबरलेल्या मालकांनी डुकरे विकून टाकली. त्यांच्यासोबत आजार दक्षिणेकडे नेगेरी सेंबिलान राज्यात पोचला. अखेर मार्च १९९९ मध्ये मलाया विद्यापीठाच्या डॉ. चुआ काव बिंग यांच्या हाती एक नवाच विषाणू लागला. सुंगाई निपाह या गावावरून त्याचे नाव पडले ‘निपाह’. मलेशियात २६५ रुग्ण आणि १०५ मृत्यू नोंदले गेले. सिंगापुरात कत्तलखान्यातील ११ कामगारांना लागण झाली, त्यांतला एक दगावला. मलेशियाला दहा लाखांहून अधिक डुकरे मारावी लागली.

या विषाणूचे मूळ घर म्हणजे फळे खाणारी वटवाघळे. डुकरांच्या वाड्यालगत फळझाडे होती. वटवाघळांची उष्टी फळे खाली पडत आणि ती डुकरे खात, असे शास्त्रज्ञ मानतात.

निपाह आपल्याकडेही आला. मे २०१८ मध्ये कोझिकोडच्या डॉक्टरांना एकाच घरातल्या दुसऱ्या रुग्णापाशीच शंका आली आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने निदान पक्के केले.

केसपेपरवर ‘व्यवसाय’ असा रकाना असतो. तिथे ‘मजुरी’ एवढे लिहून आपण मोकळे होतो. त्या मजुराचा हात दिवसभर कोणत्या जनावराला लागतो, हे विचारायला एक मिनिट पुरते. मलेशियात त्या प्रश्नाच्या उत्तरापर्यंत पोचायला सहा महिने लागले.