टोपीकरांतील भेद आणि मराठी दृष्टी

पुण्याच्या वायव्येस, मुळा आणि पवना या नद्यांच्या बेचक्यात सांगवी हे गाव आहे. आज ते पिंपरी-चिंचवड या महानगरात सामावून गेले आहे; परंतु ५ नोव्हेंबर १८१७ रोजी मुळेपलीकडे खडकीच्या माळावर पेशव्यांची आणि कंपनी सरकारची फौज समोरासमोर उभी राहिली, तेव्हा ते नदीकाठचे एक लहानसे खेडे होते. पवनेच्या पैलतीरी, दापोडीस, कॅप्टन फोर्ड याच्या पलटणींचा तळ होता. वस्तुतः त्या पलटणी पेशव्यांच्या नावाने उभारलेल्या. पण त्या दिवशी नदी उतरून त्या कंपनीच्या फौजेस जाऊन मिळाल्या. सायंकाळपर्यंत पेशव्यांची फौज मागे हटली, आणि खडकीस इंग्रजांची सरशी झाली असे आपल्या इतिहासात नोंदले गेले.

या नोंदीतील ‘इंग्रज’ हा शब्द मात्र जरा उकलून पाहण्यासारखा आहे. संगमावरील रेसिडेन्सीतून ही सारी मसलत चालविणारा माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन जन्माने स्कॉच होता. पुढील वर्षी बाजीराव ज्याच्या स्वाधीन झाला तो जॉन माल्कम स्कॉच. साताऱ्यास छत्रपतींच्या दरबारी नेमला गेलेला आणि पुढे मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रांट डफ हाही स्कॉच. त्यापूर्वी, १८०२ च्या अखेरीस, वसईचा तह ज्याने घडवून आणला तो रेसिडेंट बॅरी क्लोज आयर्लंडातला; आणि १८०३ साली असईच्या रणांगणावर शिंदे-भोसल्यांशी लढलेला आर्थर वेलस्ली हाही जन्माने डब्लिनचा. त्याच्या सैन्यात हायलंडर शिपायांच्या दोन पलटणी होत्या. मराठ्यांचे राज्य घेणाऱ्यांत अस्सल इंग्रज किती, असा हिशेब कोणी मांडू लागला तर तो अंमळ विचित्रच निघावयाचा!

मग आपल्या पूर्वजांस टोपीकरांतील भेद कळतच नव्हते काय? तसे म्हणता येणार नाही. १७१५-१६ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या ‘आज्ञापत्रा’त फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस आणि डिंगमार अशी टोपीकरांची वेगवेगळी गणना आहे. हे लोक इतर सावकारांसारखे नव्हेत, प्रत्येकाच्या पाठीशी त्याचा राजा आहे, सबब त्यांस किनाऱ्यावर बळकट जागा देऊ नये, हा इशाराही तेथे आहे. एकाही मराठी मुत्सद्द्याने युरोपचा किनारा पाहिलेला नसताना केलेले हे निदान कोणत्याही काळी कौतुकासच पात्र ठरेल. परंतु अमात्यांची ही दृष्टी राजांच्या आणि जहाजांच्या निशाणांपर्यंत पोहोचते, निशाणाखालच्या माणसांपर्यंत नाही. स्कॉटलंड आणि इंग्लंड यांची राज्ये एक होऊन तेव्हा जेमतेम आठ-नऊ वर्षेच लोटली होती. त्या एकीच्या आत दोन निराळी राष्ट्रे नांदत आहेत, ही वार्ता कोकणच्या बंदरांत येणार कोठून?

शिवाय ही नावे तरी आपण कोणाकडून घेतली? इंग्रज, वलंदेज, डिंगमार हे तिन्ही शब्द पोर्तुगीजांच्या तोंडून आपल्या भाषेत उतरले आहेत. युरोपचा पहिला नकाशा मराठी माणसाने असा एका शेजाऱ्याच्या डोळ्यांनी पाहिला. गंमत अशी की, पोर्तुगीजांचे आपल्याविषयीचे ज्ञानही काही वेगळ्या जातीचे नव्हते. गोव्याच्या लोकांस ते ‘कानारी’ म्हणत आणि त्यांच्या कोकणी भाषेसही तेच नाव देत. कर्नाटकाची कानडी कोठे आणि गोव्याची बोली कोठे! १५७९ साली गोव्यास आलेला थॉमस स्टीफन्स हा पाद्री स्वतः इंग्रज. त्याने १६१६ साली ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ मराठीत छापविले. मराठी निराळी आणि लोकांची घरची बोली निराळी, हे त्यास पक्के ठाऊक होते. तरीही त्या बोलीचे त्याने रचलेले व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर १६४० साली छापले गेले, ते ‘कानारी’ या नावानेच. एकदा पडलेले नाव ज्ञानापुढेही सहसा हटत नाही.

स्वतः एखाद्या मोठ्या राज्यात सामावलेल्या लहान राष्ट्राचा मनुष्य परक्या देशातील राष्ट्रे अधिक चांगली ओळखतो काय, हा यातला खरा कुतूहलाचा प्रश्न. विल्यम हेन्री टोन याचे उदाहरण तसे आहे. आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठी उठाव करून १७९८ साली तुरुंगात मरण पावलेल्या वुल्फ टोनचा हा भाऊ पेशव्यांच्या चाकरीत होता. १७९६ साली पुण्याच्या छावणीतून त्याने मराठ्यांच्या संस्थांविषयी एक दीर्घ पत्र लिहिले. मराठा समाज मूळचा कुणबी, धनगर आणि गवळी यांचा बनलेला आहे, आणि या लोकांच्या रीतीभातींतील साधेपणाचे मूळ बहुधा तेथेच असावे, असे त्याने त्यात म्हटले आहे. लंडनात ज्या काळी ‘मराठा’ म्हणजे लुटारू घोडेस्वार एवढीच समजूत होती, त्या काळी त्या स्वारामागचा शेतकरी यास दिसला.

पण यावरून नियम बांधू जावे, तर जेम्स मिल आडवा येतो. तोही स्कॉचच. हिंदुस्थानात पाऊल न टाकता आणि येथील एकही भाषा न शिकता त्याने १८१७ साली, म्हणजे खडकीच्या लढाईच्याच वर्षी, हिंदुस्थानचा इतिहास प्रसिद्ध केला, आणि त्यात बंगाली, मराठी, तमिळ असा फरक न करता सर्वांस ‘हिंदू’ या एकाच पोत्यात भरले. उलट ग्रांट डफ साताऱ्यास राहिला, दप्तरे व बखरी त्याने मिळविल्या, आणि १८२६ साली एका स्वतंत्र राष्ट्राचा इतिहास म्हणून मराठ्यांचा इतिहास लिहिला. जन्माने जे मिलला दिले नाही, ते सहवासाने डफला दिले, असे म्हणावयास हरकत नाही. तथापि मराठ्यांचा उदय त्याला सह्याद्रीतील वणव्यासारखा आकस्मिक वाटला. नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने १८६७-६८ च्या सुमारास त्याच्या ग्रंथावर मराठीत परखड टीका केली. आणि त्या उदयामागे लोकांची धर्मजागृती व एकी होती, असे न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० साली दाखवून दिले.

इकडे मराठी माणसाचे अज्ञान हळूहळू फिटत होते. १८२९ साली मुंबईस आलेल्या जॉन विल्सन या स्कॉच मिशनऱ्याने १८४३ साली, स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडली तेव्हा, नव्या पक्षाची वाट धरली आणि शाळेची जुनी इमारत सोडली. स्कॉटलंडचा धर्मपंथ इंग्लंडच्या चर्चहून वेगळा आहे, एवढे तरी मुंबईकर कुटुंबांस त्या प्रकरणातून उमजले असावे. आयर्लंडची ओळख मात्र राजकारणाने करून दिली. ‘केसरी’त आयरिश चळवळीचा परामर्श वेळोवेळी घेतला जाई, आणि टिळकांनी २८ एप्रिल १९१६ रोजी बेळगावास स्वराज्याचा संघ काढला, तेव्हा त्याचे ‘होमरूल’ हे नाव थेट आयर्लंडातून आले होते. त्याच्या चारच दिवस आधी डब्लिनमध्ये सशस्त्र उठाव सुरू झाला होता. ज्या राष्ट्राशी आपले दुःख जुळले, ते राष्ट्र आपल्यास सर्वांत आधी नीट दिसले.

वेल्सच्या वाट्यास एवढेही आले नाही. ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ १९२१ साली मुंबईस आला तेव्हा त्याच्यावरील बहिष्कार मोठा गाजला. पण मराठीत तो ‘युवराज’ झाला आणि भाषांतरातच वेल्स नाहीसा झाला. एलिझाबेथ राणी २०२२ साली स्कॉटलंडातील बालमोरल येथे वारली, तरी मराठी घरांत ती बहुधा ‘इंग्लंडची राणी’च राहिली.

दापोडीच्या ज्या बंगल्यात फोर्ड राहत असे, तो पुढे माल्कमच्या कारकिर्दीत मुंबईच्या गव्हर्नराचे पावसाळी निवासस्थान झाला आणि त्याच्या आवारात सरकारी वनस्पतिउद्यान लावण्यात आले. सांगवीच्या समोरच, पवनेच्या पलीकडे, ते होते. १८४७ ते १८५० च्या दरम्यान त्याचा व्यवस्थापक अलेक्झांडर गिब्सन या स्कॉच डॉक्टराने तेथील झाडांची रंगीत चित्रे एका देशी चित्रकाराकडून काढून घेतली. उद्यान केव्हाच लयास गेले. ती चित्रे आज लंडनात नाहीत. स्कॉटलंडच्या राजधानीत, एडिंबरोच्या राजकीय वनस्पतिउद्यानात, ‘दापोडीची चित्रे’ याच नावाने जपून ठेवलेली आहेत.