कडूला किती मार्क?

मंडळी, शीर्षक वाचून कारल्याच्या भाजीची आठवण झाली असेल तर आधीच सांगते, आजचा विषय बिअर आहे. घरच्यांनी भुवया उंचावण्याआधी लेख पूर्ण वाचावा, ही विनंती! आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, पण पुस्तकातला इतिहास बहुतेक राजांचा आणि तहांचा. हा इतिहास साध्या गिऱ्हाइकांचा आहे, म्हणून मला तो आवडला.

इंग्लंडमधल्या पबमध्ये 'बिटर' नावाची बिअर मिळते. बिटर म्हणजे कडू. आपल्या मालाला असं नाव कोणता कारखानदार देईल? त्यांनी दिलंही नव्हतं. ते तिला 'पेल एल' म्हणत, म्हणजे फिकट रंगाची एल. एकोणिसाव्या शतकात गोडसर 'माइल्ड'पासून ती वेगळी ओळखू यावी म्हणून पिणारे लोकच तिला 'बिटर' म्हणू लागले, आणि शेवटी लोकांच्या तोंडचं नावच टिकलं.

हा कडूपणा येतो हॉप्समुळे. हॉप्स म्हणजे एका वेलीची हिरवी, शंकूसारखी फुलं. इंग्लंडमध्ये त्यांचा वापर पंधराव्या शतकात रुजू लागला. त्याआधीची एल हॉप्सशिवायच होत असे. हॉप्स चव तर देतातच, पण बिअर टिकवतातही. लंडनच्या बो भागातल्या हॉजसनची पेल एल ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून हिंदुस्थानात येई. १८२०च्या दशकात बर्टन-अपॉन-ट्रेंट या गावचे कारखानदार या व्यापारात उतरले. बर्टनच्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम भरपूर, त्यामुळे तिथे हॉप्सचा कडूपणा स्वच्छ उतरतो. इकडच्या गोऱ्या साहेबांसाठी जहाजात चढली त्या बिअरची घरीच राहिलेली बहीण म्हणजे बिटर, असं म्हणायला हरकत नाही.

आता खरी गोष्ट. पारंपरिक बिटर कारखान्यातून निघते तेव्हा पूर्ण झालेली नसते. पिंपात थोडं यीस्ट जिवंत असतं. पबच्या तळघरात ११ ते १३ अंश सेल्सिअसला ती शेवटची मुरते, गाळ खाली बसतो, मग हातपंपाने ती वर ओढून ग्लासात देतात. (आपल्याकडचा हापसाच, फक्त पाणी सोडून!) बाहेरून गॅस घालायचा नाही. पिंप एकदा उघडलं की तीनेक दिवसांत संपवायचं, नाहीतर आंबट होतं. थोडक्यात, निम्मी बिअर कारखान्यात होते आणि निम्मी पबवाल्याच्या हातात. आपलं विरजणही असंच. दूध कितीही चांगलं असो, दही लावणारीचा हात लागतोच.

मोठ्या कंपन्यांना नेमका हा हात नको होता. १९६०च्या दशकात इंग्लंडमधले छोटे कारखाने एकामागून एक विकत घेतले गेले आणि धंद्यावर सहा बड्या कंपन्यांचं वर्चस्व आलं. पबही पुष्कळसे त्यांच्याच मालकीचे. त्यांनी 'केग' बिअर पुढे आणली. ती गाळून, तापवून, यीस्ट मारून, गार करून, गॅसच्या जोरावर ग्लासात यायची. कुठेही घ्या, चव एकच. खराब होण्याची भीती नाही आणि तळघरात कसबी माणूसही नको. वॉटनी कंपनीची 'रेड बॅरल' ही त्यातली सगळ्यात गाजलेली. सोय कोणाला नको असते? पण गिऱ्हाइकाला विचारलं कोणी नव्हतं.

मार्च १९७१ मध्ये वायव्य इंग्लंडमधले चार तरुण मित्र आयर्लंडला सुट्टीवर गेले होते. मायकल हार्डमन, ग्रॅहम लीस, जिम मेकिन आणि बिल मेलर. काऊंटी केरीच्या पश्चिम टोकाला डनक्विन गाव आहे. तिथल्या एका पबमध्ये बसून त्यांनी जुनी एल वाचवण्यासाठी संघटना काढली. तीच पुढे 'कॅम्पेन फॉर रिअल एल', म्हणजे 'कॅमरा', या नावाने ओळखली जाऊ लागली. १९७४ पासून त्यांचं 'गुड बिअर गाइड' छापून येऊ लागलं. १९७७ मध्ये लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये बिअरचा मोठा मेळा भरला आणि १९७८ पासून 'चॅम्पियन बिअर ऑफ ब्रिटन' निवडली जाऊ लागली. परीक्षकांना बिअरचं नाव न सांगता चव घ्यायला लावतात. आपल्या बोर्डाच्या पेपरावर नाव नसतं, तसंच. १९७९ मध्ये फुलर्सची 'लंडन प्राइड' जिंकली, १९८२ आणि १९८३ मध्ये यॉर्कशायरच्या टिमोथी टेलरची 'लँडलॉर्ड'. दोन्ही बिटरच.

माझ्यातल्या मास्तरीणबाईंना मात्र यापेक्षा त्यांची दुसरी परीक्षा आवडली. सामान्य सभासद पबमध्ये जातो आणि ग्लासातल्या बिअरला शून्य ते पाच मार्क देतो. एक म्हणजे वाईट, दोन साधारण, तीन चांगली, चार फार चांगली. पाच क्वचितच द्यायचे. हे मार्क बिअरच्या प्रकाराला नाहीत, तुमच्या आवडीनिवडीलाही नाहीत. तळघरात ती कशी सांभाळली, याला आहेत. या मार्कांच्या आधारे गाइडमध्ये कोणते पब घ्यायचे ते ठरतं.

लंडनला भाच्याकडे गेले होते तेव्हा त्याने चिझिकमधल्या एका पबमध्ये नेलं. "मावशी, नुसती चव बघ," म्हणाला. अर्धा पाइंट लंडन प्राइड समोर आली, ४.१ टक्क्यांची. रंग तांब्याच्या घासलेल्या भांड्यासारखा. फेस बेताचा. वास आधी भाजलेल्या रव्याचा, मग संत्र्याच्या सालीचा. जिभेवर प्रथम गोडसर, आणि घोट गिळल्यावर मागून कडू. पण हा कडूपणा कारल्याचा नव्हे, मेथीच्या लाडवाचा. तोंडात थोडा वेळ राहतो आणि जाताना पुढच्या घासाची इच्छा ठेवून जातो. मी साडेतीन दिले. भाचा म्हणाला, "कंजूष!" चांगली होती, नीट सांभाळलेली होती, पण शेवटी किंचित मंदावली. पिंप पहिल्या दिवसाचं नसावं.

घरी परतल्यावर त्या मार्कांचा विचार बराच काळ मनात राहिला. हजारो पेपर तपासले मी. मार्क नेहमी मुलाला दिले. त्याला कोणी आणि कसं सांभाळलं, यासाठी वेगळा रकाना कधी नव्हता. दिव्याखाली अभ्यास करणारं पोर आणि विहिरीवरून पाणी आणून शाळेत येणारं पोर, दोघांना एकच मोजपट्टी. इथे मात्र कारखान्याचं नाव बाजूला ठेवून सांभाळणाऱ्याचा हात तपासतात.

ही लढाई कायमची जिंकली, असं समजू नका. इंग्लंडात आज लागरच जास्त खपते, आणि लंडन प्राइडचा चिझिकचा कारखानाही २०१९ मध्ये जपानच्या असाही कंपनीने घेतला. पिंप तीन दिवसांत संपायला पिणारे लागतात. ते कमी झाले की बिअर आंबते, आंबली की आणखी गिऱ्हाइकं जातात. चव कायदा करून टिकत नाही. तिला रोज ओळखणारी आणि बिघडली तर ग्लास परत करणारी माणसं लागतात.

१९७१ मधल्या त्या चौघांनी तेवढंच केलं. 'ही ती चव नव्हे,' असं मोठ्याने म्हटलं, आणि मग लोकांना मार्क द्यायला शिकवलं.